74 दंड, 35 कोटी माणसं

भडगावसारख्या गावात ज्याचा दवाखाना चांगला चालतो असा एखादा डॉक्टर दिवसाला साठ पेशंट पाहतो, असं धरू. वर्षाचे तीनशे दिवस, सलग चाळीस वर्षं. गुणाकार केला तर 7 लाख 20 हजार तपासण्या होतात. त्यात तेच तेच पेशंट पुन्हा पुन्हा येणार, हे खरं. तरी एका माणसाच्या हातून झालेलं हे काम लहान नाही. अशा डॉक्टरला गाव विसरत नाही.

आता दुसरा आकडा. डिसेंबर 2010 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशात मेनिंजायटिसवरची नवी लस द्यायला सुरुवात झाली. दहा दिवसांत एक कोटीहून अधिक लोकांनी ती टोचून घेतली. म्हणजे रोजचे दहा लाख. आठ तासांचा दिवस धरला तर सेकंदाला पस्तीस जण. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या मिळून 79 लाख 29 हजार भरते. त्या वेगाने टोचायचं ठरवलं तर सगळा खानदेश आठ दिवसांत उरकेल, आणि दीड लाखाच्या पुढचा आपला भडगाव तालुका दीड तासाच्या आत.

ती लस पुण्यात तयार झाली. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये.

लस तयार करणाऱ्या डॉक्टरची कारकीर्द कशी मोजायची, हा प्रश्न या आकड्यांपाशी येऊन थांबतो. या डॉक्टरकडे ओपीडी नसते, केसपेपर नसतो. ज्याचा जीव वाचला त्याला तो वाचल्याचं कधी कळत नाही, कारण तो आजारीच पडलेला नसतो. दहा-बारा वर्षं एका लसीवर जातात. त्यातली बहुतेक वर्षं करार, तापमानाच्या नोंदी, जनावरांवरच्या चाचण्या आणि परवानग्यांचे कागद यांतच संपतात. आणि मग एखाद्या डिसेंबरात सेकंदाला पस्तीस दंड पुढे येतात.

मेनिंजायटिस म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या आवरणाला येणारी सूज. जिवाणूमुळे होणारा प्रकार फार वेगाने माणूस घेऊन जातो. सकाळी ताप आणि मान आखडलेली, दुसऱ्या दिवशी शुद्ध हरपलेली. उपचार नाही मिळाले तर दोघांतला एक दगावतो, वेळेवर मिळाले तरी दहातला एक. वाचलेल्यांपैकी दहा ते वीस टक्के लोकांना बहिरेपण, फिट्स किंवा दुसरं काही अपंगत्व कायमचं चिकटतं. आपल्याकडे हजला निघालेल्या यात्रेकरूंना याच आजारावरची लस (पुण्याची ही नव्हे, दुसरी) घ्यावी लागते, त्यामुळे भडगाव-मालेगाव पट्ट्यातल्या अनेक घरांना मेनिंजायटिसचं नाव ठाऊक आहे.

आफ्रिकेत या आजाराचा एक पट्टाच आहे. पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत, 26 देश, 45 कोटी माणसं. डिसेंबरपासून जूनपर्यंत तिथे कोरडी हवा असते, सहारातून हरमॅटनचा धुळीचा वारा वाहतो, आणि त्या मोसमात साथ उसळते. 1996-97 ची साथ सगळ्यांत भयानक. अडीच लाख लोकांना लागण झाली, 25 हजार मेले. त्यानंतर त्या देशांच्या आरोग्य खात्यांनी जगाकडे लस मागितली आणि सोबत किंमतही सांगितली. एका डोसला पन्नास सेंटच्या आत. तेव्हाच्या भावाने बावीस-तेवीस रुपये. याहून महाग असेल तर ती घेणं त्यांना परवडणार नव्हतं.

ही मागणी किती अवघड होती ते एका तुलनेवरून कळतं. 2005 मध्ये अमेरिकेत मेनिंजायटिसच्या चार प्रकारांवर चालणारी नव्या पद्धतीची लस बाजारात आली. तिचा एक डोस ऐंशी डॉलरच्या घरात होता. आफ्रिकेला लस हवी होती एकाच प्रकारावरची, ‘ए’ प्रकारावरची. पण किंमत हवी होती दीडशे पटींनी कमी. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांना त्यात रस नव्हता. ज्या लसीचं गिऱ्हाईकच गरीब, तिच्यासाठी कारखान्यातली जागा अडवून ठेवायला कोण तयार होणार?

2001 मध्ये गेट्स फाउंडेशनने सात कोटी डॉलर दिले आणि ‘पाथ’ ही संस्था व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून मेनिंजायटिस व्हॅक्सिन प्रोजेक्ट उभा केला. त्याच्या प्रमुखपदी आले डॉ. मार्क लाफोर्स. संसर्गजन्य आजारांचे अमेरिकन डॉक्टर. 2012 पर्यंत त्यांनी हा प्रकल्प चालवला आणि पुढे सीरमसोबत काम केलं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यांत मोठा निर्णय प्रयोगशाळेतला नव्हताच. लस आधी बनवायची आणि किंमत मागून ठरवायची, ही रीत त्यांनी उलटी केली. किंमत आधी पक्की, मग त्या किमतीत बसेल अशी लस. कच्चा माल एकीकडून, तंत्र दुसरीकडून आणि उत्पादन जिथे स्वस्तात आणि चोख होईल तिथे. जिवाणूची साखर सुरुवातीला नेदरलँड्समधल्या कंपनीकडून आली. ती प्रथिनाला जोडायचं तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट ली आणि कार्ल फ्रॅश यांनी बसवलं होतं. ते शिकायला पुण्याची माणसं तिकडे गेली. उत्पादन पुण्यात.

सीरमने डोसची किंमत मान्य केली चाळीस सेंट. 2010 च्या भावाने सुमारे अठरा रुपये.

एक नवी लस बाजारात आणायला पन्नास कोटी डॉलर लागतात, असा तेव्हाचा ढोबळ हिशेब सांगितला जायचा. या लसीच्या विकासाचा खर्च त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी राहिला. ज्यांनी पैशांचा हिशेब असा घट्ट धरला, त्यांनी औषधविज्ञानातली मोठी कामगिरी केली, असं मी मानतो. लस शोधली पण ती ऐंशी डॉलरला राहिली, तर बुर्किना फासोच्या एकाही खेड्यात ती पोचली नसती आणि तिथली मुलं मरतच राहिली असती.

आता कुपीत नेमकं काय असतं ते पाहू, कारण खरे चक्रावणारे आकडे तिथे आहेत. या जिवाणूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं आवरण असतं. जुन्या लशींमध्ये नुसती हीच साखर असायची. मोठ्या माणसाच्या शरीराला ती ओळखू यायची, पण दोन वर्षांखालच्या बाळाच्या शरीराला नाही, आणि मोठ्यांमध्येही संरक्षण दोन-तीन वर्षांत ओसरायचं. शिवाय घशात जिवाणू बाळगून फिरणारा धडधाकट माणूस लस घेतल्यावरही तो इतरांना देतच राहायचा. नव्या पद्धतीत ती साखर एका प्रथिनाला रासायनिक रीतीने जोडतात. प्रथिन दिसलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी होते, बाळाचीसुद्धा, आणि सोबतची साखर दीर्घकाळ लक्षात ठेवते.

जोडायचं प्रथिन कोणतं? धनुर्वाताचा टॉक्सॉईड. आपल्याकडे गरोदर बाईला आणि खिळा घुसलेल्या शेतकऱ्याला जे टीटीचं इंजेक्शन वर्षानुवर्षं दिलं गेलं, तेच. सीरमची सुरुवातच धनुर्वातापासून झाली होती. पूनावाला कुटुंबाचा घोडेपैदाशीचा व्यवसाय होता. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, कारण धनुर्वातावरचं सीरम घोड्याच्या रक्तापासून बनायचं. ते आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी 1966 मध्ये संस्था काढली. पुढे हाफकिनमध्ये काम केलेले डॉ. सुरेश जाधव 1979 मध्ये तिथे आले आणि डिसेंबर 2021 मध्ये निधन होईपर्यंत तिथेच राहिले. मेनिंजायटिसच्या लसीचं सीरमच्या बाजूचं काम ज्यांनी ओढून नेलं त्यांत त्यांचं नाव वरचं. टॉक्सॉईड मुबलक आणि स्वस्त बनवायचा सराव त्या कारखान्याला आधीच होता, म्हणून चाळीस सेंटचा हिशेब जमू शकला.

एका डोसमध्ये जिवाणूची साखर असते दहा मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. एक ग्रॅम साखर एक लाख माणसांना पुरते. भडगाव तालुक्याला दीड-पावणेदोन ग्रॅम. अख्ख्या खानदेशाला ऐंशी ग्रॅम. 2010 पासूनच्या दहा-अकरा वर्षांत 24 देशांतल्या 35 कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली. त्या सगळ्यांची साखर एकत्र केली तर साडेतीन किलोच्या आसपास भरेल. लहान बाळांसाठी नंतर निम्म्या ताकदीची लस आली, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमीच. रावेर-यावलच्या केळीचा एक बरा घड याच्या पाच-सहा पट वजनाचा असतो.

पण साडेतीन किलोपर्यंत पोचायला आधी चौऱ्याहत्तर माणसं लागली.

2005 मध्ये या लसीची माणसांवरची पहिली चाचणी भारतात झाली. अठरा ते पस्तीस वयाचे 74 निरोगी पुरुष. कुणाला नवी लस, कुणाला जुनी, कुणाला नुसतं धनुर्वाताचं इंजेक्शन. टोचल्यावर दंड लाल झाला का, ताप आला का, किती तासांनी उतरला, रक्तात प्रतिपिंडं किती वाढली, वर्षभराने किती उरली. या चाचणीच्या शोधनिबंधावर पहिलं नाव आहे मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी आयुष्यभर जोडलेल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचं. त्या क्लिनिकल फार्माकॉलॉजीच्या डॉक्टर. लस निर्धोक आहे की नाही, याची पहिली साक्ष काढण्याचं काम या शाखेचं. इथे घाई केली तर पुढे कोटींच्या दंडाशी खेळ होतो, आणि अतिसावधपणात वर्षं घालवली तर प्रत्येक कोरड्या मोसमात माणसं मरतात. दोन्ही बाजूंचं ओझं डॉक्टरच्या सहीवर असतं.

त्यानंतर आफ्रिका. मालीची राजधानी बामाको इथले डॉ. साम्बा सो आणि गांबियातले सहकारी यांनी एक ते दोन वर्षांच्या सहाशे बाळांवर चाचणी घेतली. जुन्या लसीच्या तुलनेत नव्या लसीने बाळांच्या रक्तात जवळजवळ वीस पट संरक्षण तयार केलं. मग सेनेगल, घाना, आणि पुन्हा भारत. डिसेंबर 2009 मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी परवाना दिला, जून 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आली, आणि 6 डिसेंबर 2010 ला बुर्किना फासोत मोहीम उघडली. एक ते एकोणतीस वयाचा प्रत्येक माणूस. प्रकल्प सुरू झाल्यापासून साडेनऊ वर्षं लागली होती.

परिणाम मोजायचं काम चाड या देशात नेमकेपणाने झालं. डिसेंबर 2011 मध्ये राजधानी एन्जामेना आणि भोवतालच्या भागांत अठरा लाख लोकांना लस दिली, बाकीचा देश तेव्हा राहिला होता. पुढच्या मोसमात लस मिळालेल्या भागात मेनिंजायटिसचं प्रमाण बाकी देशाच्या मानाने 94 टक्क्यांनी कमी निघालं. घशात ‘ए’ जिवाणू बाळगणारे लोक 98 टक्क्यांनी घटले. हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. लस घेतलेला माणूस आता जिवाणू पुढे देईनासा झाला, म्हणजे ज्याने लस घेतलीच नाही तो म्हातारा आणि जो अजून जन्मलाच नाही तो पोरगा, दोघंही वाचले. 2017 नंतर त्या सबंध पट्ट्यात ‘ए’ प्रकाराचा एकही खात्रीशीर रुग्ण सापडलेला नाही. अडीच लाखांवरून शून्य.

आता उन्हाची गोष्ट, कारण खानदेशच्या माणसाला ती सांगायलाच हवी. बहुतेक लशी दोन ते आठ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. आपल्या आरोग्य केंद्रातून उपकेंद्रावर आणि तिथून अंगणवाडीत लस कशी जाते ते पाहिलंय? निळ्या व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये चार बाजूंना चार आइसपॅक, मध्ये कुप्या. प्रत्येक कुपीवर एक छोटा गोल आणि त्यात फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाइतका गडद झाला की कुपी बाद. सिस्टर कुपी फोडण्याआधी उजेडाकडे धरून तो चौकोन बघते, मग तारीख बघते, मग बाळाच्या आईकडे वळते. जळगावात मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, लाईट जाते, आणि अशा दुपारी आठ अंशांची ही साखळी तुटू न देणं हे त्या बाईचं रोजचं काम आहे.

आफ्रिकेच्या त्या पट्ट्यातल्या कित्येक गावांत वीज नाही, रस्ते नाहीत, बर्फ कुठून आणायचा? पुण्याची ही लस सुकवलेल्या भुकटीच्या रूपात असते आणि टोचण्याआधी पातळ करतात, त्यामुळे ती उष्णतेला बरीच टिकते. कसून तपासण्या झाल्यावर 2012 मध्ये तिला बर्फाशिवाय, 40 अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस ठेवायची परवानगी मिळाली. आफ्रिकेत अशी सवलत मिळालेली ही पहिली लस. त्याच वर्षी बेनिन देशातल्या बानिकोआरा जिल्ह्यात दीड लाखाहून अधिक लोकांना ती अशा रीतीने टोचली गेली. आपल्या तालुक्याएवढीच ती लोकसंख्या. आपल्या मे महिन्याला मात्र ही 40 अंशांची मर्यादासुद्धा अपुरी पडेल, हे लक्षात असू द्या. उन्हाला टिकणाऱ्या लशींचं काम अजून बरंच बाकी आहे, आणि ते ज्यांना करायचं त्यांनी एक उन्हाळा भुसावळला काढावा.

वेगाचा हा पल्ला किती मोठा आहे ते मागे पाहिल्यावर कळतं. ऑक्टोबर 1896 मध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले तेव्हा शहरात प्लेग होता. हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि व्हरांडा, एक कारकून, तीन शिपाई, एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर 1925 पर्यंत मुंबईतून दोन कोटी साठ लाख डोस बाहेर पडले. अठ्ठावीस वर्षांत. एकट्या 1907 मध्ये हिंदुस्थानात प्लेगने तेरा लाखांहून जास्त माणसं मेली होती. गावं उठून शेतात झोपड्या टाकून राहत होती. त्या काळात ते दोन कोटी साठ लाख डोस म्हणजे अचाट काम होतं. आज पुण्यातून निघालेली एक लस दहा दिवसांत एक कोटी दंडांपर्यंत पोचते.

पुण्याच्या लसीनेही सगळं संपलं नाही. ती ‘ए’ प्रकारावरच होती. ‘ए’ हटला, पण ‘सी’, ‘डब्ल्यू’, ‘एक्स’ राहिले. 2017 मध्ये नायजेरियात ‘सी’ प्रकाराची साथ आली, चौदा हजारांवर संशयित रुग्ण आणि अकराशेहून अधिक मृत्यू. म्हणजे दुसरी लस हवी होती, आणि तिचं काम आधीच सुरू झालेलं होतं. सीरम आणि पाथ यांनी तेरा वर्षं घालवून पाच प्रकारांवरची एकत्र लस बनवली. जुलै 2023 मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि एप्रिल 2024 मध्ये ती वापरणारा नायजेरिया हा जगातला पहिला देश ठरला. साडेनऊ आणि तेरा. डॉक्टरच्या कामाच्या आयुष्यात अशी कामं दोनच बसतात, फार तर तीन.

जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय महाविद्यालयांतून दरवर्षी मुलं एमबीबीएस होतात. पुढे पीजीला मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो नाही मिळालं आणि फार्माकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी किंवा कम्युनिटी मेडिसिन मिळालं, तर घरात सुतकी कळा येते. दवाखाना नाही, प्रॅक्टिस नाही, मग डॉक्टर होऊन उपयोग काय, असं नातेवाईक तोंडावर विचारतात. या शाखांच्या जागा देशभर दरवर्षी रिकाम्या पडतात. त्या 74 दंडांवरचा लालसरपणा रोज मोजणारी, बामाकोतल्या बाळांच्या रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी, चाडमध्ये 98 टक्क्यांचा हिशेब लावणारी माणसं याच शाखांमधली. तेव्हा भडगाव, पाचोरा, एरंडोल, शिरपूर, जिथे कुठे अशा मुलीला किंवा मुलाला ही जागा मिळेल, तिथे आई-वडिलांनी नाक मुरडू नये. तिला ती जागा घेऊ द्या, आणि तिच्या कामाची मोजणी करायला दहा-पंधरा वर्षं थांबा.